पंचगंगेवर पहिल्यांदा येणाऱ्यासाठी

रविवारी कोल्हापुरात पंचगंगा नदीच्या घाटावर साफसफाईला येतोयस, हे तुझ्या निरोपात वाचून लई बरं वाटलं. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळ.

१. पाण्यात उतरायचं नाही. पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि निर्माल्याच्या गाठोड्यात फुटक्या तसबिरींच्या काचा. जाड हातमोजे, बंद बूट हवेतच.

२. निर्माल्य तिथंच निवड. फुलं खताला, प्लॅस्टिक आणि कापड बाजूला. सगळं भिजून एकजीव झालं की कोणी हात लावत नाही.

३. काढलेली जलपर्णी काठावर सोडू नकोस. पाणी चढलं की ती परत नदीत जाते. नवीन पोरं हमखास इथंच चुकतात.

घाटावरची जुनी देवळं तारेच्या ब्रशनं घासायची नाहीत, कोरीव काम झिजतं.

एकदा प्रयाग चिखलीला जा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते ती तिथं. मग शहरातून येणारा जयंती नाला बघ. आपण कशासाठी राबतोय ते कळेल.

आणि कार्तिक पौर्णिमेच्या दीपोत्सवानंतरची सकाळ राखून ठेव. दिवे लावायला गर्दी असते, पणत्या गोळा करायला माणसं कमी पडतात.