बोट रद्द झाली, पैसे मात्र कंपनीकडेच राहिले

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये मी, पत्नी, मुलगा आणि माझी सत्तरीची आई असे चौघं थायलंडला गेलो होतो. एका ऑनलाइन पर्यटन कंपनीकडून फुकेत आणि क्राबीचं पॅकेज घेतलं होतं. फुकेतमधल्या पातोंगहून क्राबीतल्या आओ नांगला स्पीडबोटीने जायचं होतं, त्याचे पैसेही पॅकेजमध्येच धरलेले होते. त्या दिवशी समुद्र खवळल्यामुळे बोट रद्द झाली. आईला घेऊन चार तास धक्क्यावर बसलो. हेल्पलाइनवर कुणी फोन उचलला नाही. व्हॉट्सॲपवर ‘वाट पाहा’ एवढाच निरोप आला. शेवटी स्वतःच्या खर्चाने टॅक्सी करून रात्री उशिरा पोहोचलो. कंपनी म्हणते, ही नैसर्गिक आपत्ती होती, परतावा मिळणार नाही. आम्ही फक्त मध्यस्थ आहोत आणि दावा करायचाच तर अटींप्रमाणे दिल्लीत करा. आता पाच हजारांचं कूपन देऊ करत आहेत. मी नाशिकला राहतो. काय करता येईल?

उत्तर : तुमची बाजू भक्कम आहे, पण तुम्ही ज्या गोष्टीवर भर दिला आहे तिथे नाही. तुमच्या पत्रातला सगळा राग बोट रद्द होण्यावर आहे. तसल्या समुद्रात स्पीडबोट न सोडणं हा योग्यच निर्णय होता, आणि ग्राहक आयोगापुढे त्याविरुद्ध बोललात तर तुमचंच म्हणणं हलकं होईल. कंपनीची चूक बोट रद्द झाल्यानंतर सुरू होते, आणि थोडी त्याच्या आधीही.

आधी व्हाउचर उघडून बघा. त्यावर अमुक वाजताच्या अमुक बोटीचं तिकीट लिहिलं आहे, की ‘फुकेतच्या हॉटेलपासून आओ नांगच्या हॉटेलपर्यंत ट्रान्सफर’ असं लिहिलं आहे? निम्मा दावा या एका ओळीवर अवलंबून आहे. ट्रान्सफर लिहिलं असेल तर कंपनीने तुम्हाला पोहोचवण्याचं कबूल केलं होतं, बोट हा फक्त त्याचा मार्ग. फुकेत बेट असलं तरी उत्तर टोकाला ते पुलांनी मुख्य भूमीला जोडलेलं आहे. तिथून फांग न्गा प्रांतातून क्राबीला जाणारा रस्ता साधारण तीन तासांचा आहे. त्याच रस्त्याने तुम्ही गेलात. म्हणजे जे काम अशक्य होतं असं कंपनी सांगते, ते तुम्ही त्याच रात्री पार पाडलंत. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५६ मध्ये अशक्यतेचा बचाव आहे. पण काम जास्त खर्चाचं किंवा त्रासाचं झालं म्हणून ते अशक्य ठरत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे.

व्हाउचरवर फक्त बोटीचं तिकीट असेल तरीही पैसे बुडत नाहीत. त्याच अधिनियमाचं कलम ६५ म्हणतं की करार निरर्थक ठरला तर त्याखाली ज्याने लाभ घेतला त्याने तो परत करायचा. वादळामुळे नुकसानभरपाईतून सुटका मिळू शकते. न दिलेल्या सेवेचे पैसे ठेवून घ्यायचा हक्क मात्र वादळामुळे मिळत नाही. कंपनीच्या उत्तरात या दोन गोष्टी एकच करून टाकल्या आहेत. तुमच्या तक्रारीत त्या वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडा.

कंपनी अटींमधल्या ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ या वाक्यावर बोट ठेवेल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अशा एकतर्फी अटींसाठी ‘अनुचित करार’ ही संकल्पना आहे. मोह होईल, पण तक्रारीचा पाया त्यावर उभारू नका. अनुचित कराराच्या तक्रारी जिल्हा आयोगापुढे चालत नाहीत, त्या राज्य आयोगाकडे न्याव्या लागतात, आणि एवढ्या रकमेसाठी ते परवडणारं नाही. तुमचा पाया सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा हाच ठेवा. सदोष सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत परत करायला नकार देणं, ही कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

त्रुटीच्या व्याख्येत, कलम २(११) मध्ये, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. अंदमान समुद्राच्या त्या किनाऱ्यावर मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात आणि समुद्र वरचेवर खवळतो. तिथली पॅकेजं विकणाऱ्याला हे माहीत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. ऑगस्टमध्ये स्पीडबोट विकताना ‘बोट रद्द होऊ शकते, मग गाडीची सोय अशी’ एवढी एक ओळ द्यायला हवी होती. बुकिंगच्या वेळचे सगळे ईमेल आणि संदेश वाचा. असा इशारा कुठेच नसेल तर हा मुद्दा जरूर घ्या. बारीक अक्षरांत कुठे दिलेला असेल तर तो लपवू नका, समोरचा वकील दाखवणारच आहे.

‘आम्ही फक्त मध्यस्थ’ या बचावाला उत्तर तुमच्याच कागदांत असावं. पूर्ण पॅकेजची एकच किंमत लावून जीएसटीचं बिल कंपनीने स्वतःच्या नावाने दिलं का? आणि परदेशी टूर पॅकेज म्हणून तुमच्याकडून टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर) कापला का? हा कर पॅकेज विकणाऱ्याने गोळा करायचा असतो. फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या आयकर खात्याकडच्या विवरणात, तुमच्या पॅनसमोर या कंपनीची नोंद दिसत असेल, तर आयकर खात्याला तिने आपण विक्रेता असल्याचं सांगितलं आहे. मग ग्राहकासमोर ती निव्वळ मध्यस्थ कशी राहील? त्या पानाची प्रत तक्रारीला जोडा. (कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता करून घ्यायचा असतो, तो राहिला असेल तर तेही बघा.)

दिल्लीला जायची गरज नाही, थायलंडला तर नाहीच. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४(२) प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. जुन्या १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. लोकांना हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणूनच ती आली, आणि कंपनीने छापलेल्या अटीने कायद्याने दिलेला हा हक्क जात नाही. अटींमध्ये लवादाचं कलम (वाद खासगी लवादाकडेच न्यायची अट) असेल तरी घाबरू नका. लवादाच्या कलमामुळे ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते, वकील लावणं बंधनकारक नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे.

तक्रारीच्या आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी ईमेल करा. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात तक्रारीचा निकाल लावायचा असतो. त्याचबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंद करा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. पैसे क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅकची (कार्डावरचे पैसे बँकेमार्फत परत मागण्याची) मुदत शिल्लक आहे का हे आजच विचारा, ती फार लांब नसते. प्रवास विमा काढला होता का हेही पाहा. फक्त एकच नुकसान दोन ठिकाणी वसूल करता येत नाही, विम्यातून काही मिळालं असेल तर तक्रारीत सांगा.

आता पुरावा. बोट रद्द झाल्याचं बोट चालवणाऱ्याकडून एका ओळीच्या ईमेलने मागवा. टॅक्सीची पावती नसेल तर कार्डाचं किंवा बँकेचं विवरण चालेल. आओ नांगच्या हॉटेलकडून चेक-इनची वेळ लिहून घ्या. हेल्पलाइनला केलेल्या कॉलची यादी फोनमधून पुसली जाण्याआधी तिचे स्क्रीनशॉट काढा. व्हॉट्सॲपच्या संदेशांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिकतेत फार अडकत नाही, पण समोरच्याला हरकतीची संधी कशाला द्यायची?

आणि आईंना तक्रारदार करा. पैसे तुम्ही भरले असले तरी तुमच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक आहे. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात गंभीर वाटते ती धक्क्यावरची चार तासांची शांतता. सत्तरीच्या बाई परक्या देशात बसून आहेत आणि ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याकडे बोलायला एक माणूस नाही, याला कोणतंही वादळ कारण होऊ शकत नाही. त्या चार तासांचं आईंचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र त्यांच्या शब्दांत लिहा. सजवू नका.

मागणी माफक ठेवा. बोटीचे पैसे, टॅक्सीचा खर्च, दोन्हींवर व्याज, मानसिक त्रासाची वाजवी रक्कम आणि तक्रारीचा खर्च. ‘सहल वाया गेली’ म्हणून पूर्ण पॅकेजचे पैसे मागू नका. पुढचे दिवस तुम्ही क्राबीत राहिलात, हे कंपनी दाखवेल आणि तुमच्या खऱ्या मागणीवरही शंका येईल. आयोगाची नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्यापुढे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलं आहे.

पाच हजारांचं कूपन घेऊ नका. ॲपवर ‘स्वीकारा’ दाबलं की ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ मान्य केल्याचं कंपनी म्हणेल. नकार ईमेलने कळवा, आणि त्याच ईमेलमध्ये परताव्याची रक्कम व ती द्यायला पंधरा दिवसांची मुदत लिहा.