नागपूरहून परदेशात मुलांमध्ये मिशनरी काम करायला जायचंय. श्रद्धा पुरेशी असते का?

जायला पुरते, टिकायला नाही. माझी आतेबहीण नागपुरातल्या सदर भागातल्या एका चर्चमध्ये संडे स्कूल घ्यायची, मग केनियात मुलांच्या वसतिगृहात गेली. पहिले सहा महिने प्रार्थनेपेक्षा कपडे धुणं, उवा काढणं आणि स्वाहिली शिकणं हेच जास्त. चहा तिथेही ‘चाय’च, पण जन्मभर पोळी म्हणणारी ही नागपूरकरीण ‘चपाती’ म्हणायला लागली, तेव्हा कुठे मुलं हसत जवळ आली.

उलट दिशेनं आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप आठवा. १८४५ मध्ये स्कॉटलंडहून नागपुरात आले, मराठी शिकले, शाळा काढली, गोंडांची गाणीसुद्धा उतरवून घेतली. १८६३ मध्ये नागपूरजवळच्या टाकळघाटहून परतताना पुरात बुडून गेले. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं, हे तिथे शिकलेल्या कित्येकांना ठाऊक नसतं.

आता कामाचं. टुरिस्ट व्हिसावर जाऊ नका. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स काढा. आणि संस्थेला आधीच विचारा, मुलासोबत मोठ्या माणसानं एकट्यानं असण्याबद्दल तुमचा नियम काय? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी संस्था शोधा.