रात्रीच्या मुंबई-गोवा प्रवासात गाडीत कोणती गाणी लावावीत?

तुम्ही चौघे मित्र रात्री ठाण्याहून निघून गोव्याला जाताय आणि वाटेसाठी "शांत, हळुवार" गाणी सुचवा असं विचारलंय. रात्री शांत गाणी लावूच नका. हळुवार गाणं अंथरुणात ऐकायचं असतं, हायवेवर नाही.

2018 चा गणपती. चतुर्थीच्या दोन दिवस आधी रात्री नऊला आम्ही डोंबिवलीहून कणकवलीला निघालो. गाडी भावोजींची, चालवत होते तेच. मी शेजारी, मधल्या सीटवर आई आणि ताई, मागे पोरं आणि मखराचं सामान. भावोजींचा नियम एकच: ज्याच्या हातात स्टिअरिंग, त्याची गाणी. त्यांना गझला आवडतात. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये त्या मलाही बऱ्या वाटल्या. माणगाव, महाड गेलं, कशेडी उतरलो, तोवर मागे सगळी झोपली होती. चिपळूण सुटलं आणि माझीही मान पडायला लागली.

साडेतीनच्या सुमारास, संगमेश्वरच्या अलीकडे, टायरचा आवाज बदलला. डांबरावरची घरघर जाऊन खडीची खरखर. डोळे उघडले तर डावी चाकं रस्त्याखाली, आणि समोर किलोमीटरचा दगड. मी ओरडलो, भावोजींनी स्टिअरिंग ओढलं, गाडी वर आली. दगड माझ्या दारापासून वीतभर अंतरावरून गेला. कोणी बोलेना. स्पीकरवर मात्र गायकाने एक शब्द लांबवत धरला होता, आणि मला तो बंद करायचं बटण सापडेना.

पुढच्या टपरीवर चहा झाला. चावी मी घेतली आणि मोबाइलमधली डबलबारी लावली.

डबलबारी म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना. आमच्या सिंधुदुर्गात जत्रेला, सप्ताहाला, गणपतीत रात्ररात्र चालतो. एक बुवा आपल्या बारीत, म्हणजे पाळीत, कोडं घालतो, दुसऱ्याने त्याच्या बारीत ते सोडवायचं आणि वर एक टोलाही हाणायचा. अभंग सावकाश सुरू होतो, लय चढत जाते, गजराला पखवाज, झांज आणि कोरस एकत्र उसळतात. मग समोरचा काय उत्तर देतो ही उत्सुकता. कोड्याचं उत्तर कळल्याशिवाय झोप लागत नाही. शिवाय गाडीत इंजिनाची आणि टायरची घरघर हलक्या आवाजातलं सगळं गिळून टाकते. गझलेतली कुजबुज ऐकायला तुम्ही आवाज वाढवता, आणि घरघरीत मिसळून तीच अंगाई होते. झांज त्या घरघरीतूनही लख्ख ऐकू येते.

भावोजी म्हणाले, "हा गावठी कलकलाट बंद कर." तेवढ्यात मागून आई म्हणाली, "आवाज वाडय रे झिला, बुवा गजरार इलो." आणि तिने कोरस धरला. सत्तरीची बाई, पहाटे चारला, टाळ्या वाजवत. बुवांनी घातलेलं कोडं तिने हातखंबा गाव यायच्या आधीच सोडवलं आणि कारण समजावून सांगितलं. गावठी म्हणे! ज्याला पुराण पाठ, ताल पाठ, तो बुवा गावठी कसा?

परशुराम पांचाळ बुवा, चंद्रकांत कदम बुवा यांची रेकॉर्डिंग शोधा, पुष्कळ मिळतील. घाटात रेंज दगा देते, म्हणून निघण्याआधीच डाउनलोड करून ठेवा. तुम्ही चौघे मालवणी मुलखातले नसाल आणि शब्द कळत नसतील, तर कव्वाली लावा, पोवाडा लावा. ज्यात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, असं काहीही. चालवणाऱ्याला ते पाठ असावं, कारण तोंड चालू राहिलं की डोळा सहजासहजी लागत नाही. आणि स्टिअरिंगवाल्याची गाणी हा नियम मोडून काढा. गाणी शेजारच्याच्या हातात द्या, आणि त्याने झोपायचं नाही. दिवसा निघणार असाल तर यातलं काहीच लागू नाही, हवं ते ऐका, गझलसुद्धा.

एक राहिलं. खरी झोप आली असेल तर कुठलाही बुवा तुम्हाला वाचवणार नाही. पापणी जड झाली की गाडी पेट्रोल पंपावर घ्या आणि वीस मिनिटं झोपा. भावोजींनी त्या रात्री हे केलं असतं तर मला हे उत्तर लिहावंच लागलं नसतं.

त्यांचं अजून म्हणणं आहे की पुढे आम्हाला भजनाने नाही, भीतीने जागं ठेवलं. दर गणपतीत हा वाद होतो. भावोजी, भीती अर्ध्या तासात उतरली होती. लांज्याला ताई हसत होती. खारेपाटणला उजाडलं तेव्हा दुसऱ्या बुवांची बारी रंगात आली होती, आणि मागच्या सीटवर तुमची पोरं आईबरोबर कोरस देत होती.