फिश फाइंडरवरचा दुसरा तळ

प्रश्न : आमच्या ट्रॉलरवरच्या फिश फाइंडरवर (आवाज सोडून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) 35 मीटर पाण्यात 70 मीटरवर आणखी एक तळ दिसतो. वेग वाढवला की चित्रच पुसलं जातं. यंत्र बदलावं का? (एक वाचक, हर्णै)

उत्तर : घाई करू नका. दोन्ही लक्षणांचं मूळ यंत्राबाहेर असू शकतं.

समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. 35 मीटर खाली जाऊन परत यायला त्याला सुमारे 47 मिलिसेकंद लागतात. यंत्र हा वेळ मोजतं, वेगाने गुणतं आणि निम्मं करतं. पण तळावरून आलेला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आणि बोटीच्या बुडावर आपटून पुन्हा खाली जातो, तळाला लागून परत येतो. वेळ दुप्पट, म्हणून आकडा 70. गेन (परतलेला आवाज किती वाढवून दाखवायचा ते ठरवणारी सेटिंग) हळूहळू कमी करा. खालची रेघ आधी विरली तर ती दुसऱ्या फेरीचा प्रतिध्वनीच. मात्र ती कायमची घालवू नका. खडपावर ती ठळक उमटते, मऊ चिखलावर फिकी. जाळं टाकण्यापूर्वी ही खूण फार मोलाची.

चित्र पुसलं जाण्याचं कारण बहुधा हवेचे बुडबुडे. वेगात नाळेखाली (बोटीच्या पुढच्या टोकाखाली) दबलेली हवा बुडालगत मागे वाहते आणि ट्रान्सड्यूसरच्या, म्हणजे बुडाला बसवलेल्या आवाज सोडणाऱ्या-ऐकणाऱ्या भागाच्या, तोंडावरून जाते. हवेचा पातळ थरसुद्धा आवाज अडवतो. नांगरावर चित्र स्वच्छ असेल तर यंत्र ठीक आहे असं समजा. कितव्या नॉटला (बोटीच्या वेगाचं माप) चित्र तुटतं, ते लिहून ठेवा.

1 जून ते 31 जुलैच्या बंदीत बोट वर ओढली की ट्रान्सड्यूसर पाहा. तो पंख्यापासून आणि पाणी आत घेणाऱ्या भोकांपासून दूर, आजूबाजूच्या बुडापेक्षा किंचित खाली आणि तोंड सपाट खाली असा हवा. शिंपल्यांचा थर प्लास्टिकच्या पट्टीने काढा. थिनर लावू नका, प्लास्टिकचं तोंड खराब होतं. बुडाचा जाड रंगही त्यावर नको. ट्रान्सड्यूसरसाठी मिळणाऱ्या, पाण्यात कालवलेल्या (वॉटर-बेस्ड) रंगाचा एकच पातळ हात पुरे.

पडद्यावर तिरप्या तुटक रेघा येत असतील तर शेजारच्या बोटीचं यंत्र त्याच फ्रीक्वेन्सीवर चालू असेल. 50 आणि 200 किलोहर्ट्झ दोन्ही असतील तर एकदा बदलून बघा. तुमच्या 35 मीटरला 200 उत्तम : झोत अरुंद, तळालगतचा मासा वेगळा दिसतो. म्हाकूल आणि मुशी मात्र त्यातही फिकेच दिसतील, कारण त्यांच्या पोटात हवेची पिशवी नसते.