वाचक विचारतात : लाकडातली मातृमूर्ती

आंब्याच्या अख्ख्या ओंडक्यातून दीड फुटाची, प्रागैतिहासिक मातृमूर्तींसारखी भरल्या पोटाची आकृती कोरली. एप्रिलमध्ये पोटावर उभी भेग गेली. लांबी (पुट्टी) भरू का? (सिडको, नाशिक)

इतक्यात नको. लाकूड अजून सुकतंय. आज भरलेली लांबी पावसाळ्यात लाकूड फुगलं की बाहेर ढकलली जाईल, नाहीतर शेजारी दुसरी भेग पडेल.

लाकूड सुकताना गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट वलयांच्या दिशेने आकसतं. अख्ख्या ओंडक्यात गाभा मधोमध अडकलेला असतो, त्यामुळे हा ताण फाटूनच मोकळा होतो. त्यात पोट सगळ्यांत जाड. बाहेरून कोरडं, आतून ओलं. नाशिकच्या एप्रिल-मेची कोरडी हवा उरलेलं काम करते.

मूर्ती सावलीत ठेवा, वारा थेट लागू देऊ नका. दर आठवड्याला वजन करा. सलग तीन-चार वेळा ते तेवढंच भरलं, की त्याच लाकडाची पाचर, तिच्या तंतूंच्या रेषा मूर्तीच्या रेषांना समांतर ठेवून, भेगेत चिकटवा. दरम्यान तळातून गोल पटाशीने पोट पोखरून घ्या. भिंत ३-४ सेंमी ठेवा. जपानमधल्या अनेक जुन्या लाकडी बुद्धमूर्ती याच कारणासाठी आतून पोकळ आहेत.

पुढच्या वेळी ओंडका उभा चिरून गाभा वगळलेला फाळका घ्या. ओबडधोबड आकार २-३ सेंमी जादा ठेवून काढा, दोन्ही टोकांना मेण फासा आणि काही महिने विसरून जा. वखारीतून जुन्या घराची सागवानी तुळई मिळाली तर उत्तमच, फक्त पटाशी लावण्याआधी खिळे शोधून काढा. आंब्याला भुंगेरा फार लवकर लागतो. टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं द्रावण कोरून झाल्यावर, पण तेल लावण्याआधी द्यावं. तेलावर ते मुरत नाही.

विलेनडॉर्फच्या मूर्तीची नक्कल वाटू नये, म्हणून काय करावं? (पंचवटी)

ऑस्ट्रियात १९०८ साली सापडलेली ती चुनखडीची प्रागैतिहासिक स्त्रीमूर्ती जेमतेम ११ सेंमी आहे, तळहातावर मावणारी. चौपट मोठी केली की स्तनांवर टेकलेले काडीसारखे हात नुसते ओरखडे वाटतात. तिला पावलंही नाहीत, म्हणजे बैठक तुम्हालाच शोधावी लागते. मग नक्कल कशाला?

जवळचा नमुना पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात, ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली, कच्च्या मातीची बिनडोक्याची स्त्री आणि बैल मिळाले. ती देवताच होती असं छातीठोकपणे सांगू नये, पण डोकं नसूनही आकृती पूर्ण वाटते, हे शिकण्यासारखं आहे. पुढच्या काळातली लज्जागौरी ही मातृदेवताही बहुधा बिनडोक्याचीच. लाकडात हे सोयीचंही पडतं, कारण नाजूक मान मोडायची भीती राहत नाही.

अडचण येते ती स्तनांखालच्या खाचेत. तिथे तंतू आखूड राहतात आणि कड टवका होऊन उडते. दोन्ही बाजूंनी उंचावरून खाचेकडे उतरत कापा. तळातून वर पटाशी चालवलीत की रेषा उचकटते. शेवटचे २-३ मिमी धार लावलेल्या पटाशीनेच, मोगरी न वापरता काढा. खोल खाचेत पॉलिश पेपर घासत बसलात तर कड बोथट होते, सगळं साबणासारखं दिसतं.

गेरू कसा लावायचा? (सिन्नर)

वस्त्रगाळ गेरू, एक सपाट चमचा, १०० मिली जवस तेलात (बाजारात ‘बॉइल्ड’ म्हणून तयार मिळतं ते, घरी उकळू नका) कालवा. दाट वाटलं तर थोडं टर्पेंटाइन घाला. पाण्यात कालवू नका, लाकडाचे केस उभे राहतात. २२० नंबरचा पेपर झाल्यावर फडक्याने लावा, १५ मिनिटांनी पुसून काढा. खाचांत उरतो तेवढाच ठेवा. (विलेनडॉर्फच्या मूर्तीवरही तांबड्या गेरूच्या खुणा आहेत.) दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच. आणि ते तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका: जवस तेल वाळताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.