श्रद्धा आहे, तरी मरणाची भीती का?

प्रश्न: मी ७४ वर्षांची, पंचवटीत राहते. मिस्टर गेल्यापासून रामकुंडावरचे दशक्रिया विधी बघितले की रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं. आयुष्यभर नामस्मरण केलं, मग माझी श्रद्धा कमी पडली का?

उत्तर: काकू, ते श्रद्धेचं आधी डोक्यातून काढा, भीती माळकऱ्यांनाही वाटते. धडधडीचं मात्र डॉक्टरांना सांगा, ईसीजी काढा, सगळं मनावर ढकलू नका. आणि सध्या रामकुंडावर नाही गेलात तरी चालेल, गंगा काही रुसत नाही. मग बघा, भीती नक्की मरणाची आहे की आयसीयूत नळ्या लावून पडून राहायची? बऱ्याच जणांना ही दुसरीच असते, फक्त घरात कोणी बोलत नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तर नळ्या-यंत्रांवर जगवत ठेवू नका असं आधीच लिहून ठेवणं, मान्य केलंय, २०२३ मध्ये ते सोपंही केलं, दोन साक्षीदार लागतात आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. मुलं म्हणतील ‘अभद्र बोलू नको’, तरी बोला. पौषात त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या येतात, त्यातल्या तुमच्या वयाच्या बायकांशी जरा गप्पा मारा, काही तर अजून फुगडी घालतात!