सोलापूरचं ऊन आणि स्कॉट्सडेलचा आठवडा

प्रश्न : माझा मुलगा अ‍ॅरिझोनात, चँडलरला असतो. त्याच्या ऑफिसातल्या एकाने आपला टाइमशेअरचा आठवडा (म्हणजे रिसॉर्टची जागा दरवर्षी ठरावीक दिवस वापरायचा विकत घेतलेला हक्क) त्याला वापरायला दिलाय. रिसॉर्ट स्कॉट्सडेलला आहे, जूनचा तिसरा आठवडा, दोन बेडरूमची जागा. आम्ही दोघं (मी ६६, हे ७१, यांचे गुडघे दुखतात), मुलगा, सून आणि नातवंडं, वय ९ आणि ४. मुलगा म्हणतो, "आई, तुम्हा सोलापूरकरांना उन्हाचं काय!" पण घरापासून अर्ध्या तासावर जाऊन आठवडाभर करायचं काय? सातही दिवस बाहेरचं खायचं का? आणि तिथे म्हणे एका सकाळी नाश्त्याला बोलावतात, शंभर डॉलरचं कार्ड भेट देतात. मुलगा जाऊ या म्हणतोय. जावं का?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण सगळ्यात जास्त पैसे त्यात अडकलेत. नाश्त्याला जाऊ नका, ती टाइमशेअर विकायची बैठक असते.

२००९ साली आम्ही गेलो होतो. "फक्त नव्वद मिनिटं" असं सांगितलं होतं, बसवलं पावणेचार तास. एक माणूस दमला की दुसरा यायचा, दुसऱ्यानंतर त्याचा साहेब. दर वेळी किंमत खाली, कॉफी ताजी. आमच्या ह्यांच्या हातात पेन आलं होतं. तेवढ्यात आमची सहा वर्षांची लेक कंटाळून प्यालेला सगळा संत्र्याचा रस त्या कागदांवर ओकली. कुणाच्या उलटीचा मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

तिथे विकतात तो आठवडा किंवा तेवढ्या मुक्कामाचे पॉइंट. पण त्यासोबत दरवर्षीचा देखभाल खर्च गळ्यात येतो. तुम्ही गेलात तरी भरायचा, नाही गेलात तरी भरायचा, आणि तो वाढत जातो. नंतर विकायला काढलं तर बऱ्याच जागांना कवडीमोल भाव येतो. मुलाला खरंच घ्यायचं असेल तर आधी इंटरनेटवर जुन्या मालकांकडचे भाव त्याला बघू दे. आणि सहीच होऊन बसली तर घाबरू नका. अ‍ॅरिझोनाच्या कायद्यात करार रद्द करायला दहा दिवस मिळतात (नेवाडात, म्हणजे लास वेगासला, पाचच). पण ते लेखी कळवायचं, करारात सांगितलं असेल त्याच पद्धतीने, आणि पाठवल्याचा पुरावा जपून ठेवायचा. फोनवर "बघतो" म्हणतात त्यावर विसंबू नका.

हे आमंत्रण गळ्यात पडतं कुठे तेही सांगून ठेवते. काउंटरवर किल्ल्या मिळाल्या की "पार्किंगचा पास त्या टेबलावर घ्या" म्हणतात. तिथली गोड मुलगी पास देता देता तुमची उद्याची सकाळ विचारते. तिला हसून "नो, थँक यू" म्हणायचं. पास तरीही मिळतो.

आता जून. हा आठवडा तुम्हाला सहज का मिळाला? मार्चमध्ये त्याच जागेसाठी झुंबड असते. हवा सुरेख, शिवाय बेसबॉलचे १५ संघ सरावाला शेजारच्या फिनिक्सच्या आसपास उतरलेले. जूनमध्ये मात्र इथलीच माणसं डोंगरावर पळतात. मी सांगलीची, वीस वर्षांहून जास्त इथल्या टेंपी गावात राहते, म्हणून तुमच्या मुलाला सांगा की सोलापूरच्या सवयीवर जाऊ नको. तुमचे ४३ अंश आम्हाला जूनमध्ये नेहमीचेच. २६ जून १९९० ला फिनिक्सचा पारा ५० वर गेला होता, आणि २०२३ ला ३० जूनपासून सलग ३१ दिवस तो ४३ च्या वर गेला होता. रात्री अंगण थंड होईल, बाज टाकू, ही आशा सोडा. डांबर आणि काँक्रीट रात्रभर धग टाकत राहतात. पावसाळी ढग जुलैशिवाय क्वचितच येतात, तोवर हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतही नाही, तो आधीच सुकतो. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी प्यायचं. नाकात तुपाचं बोट फिरवायचं, नाहीतर धाकट्याचा घोळणा फुटेल. गाडीतल्या पट्ट्याची धातूची चकती पोरांना लावण्याआधी स्वतःच्या हाताने चाचपा. पोहण्याच्या तलावाच्या कडेपर्यंत चपला घालूनच जायचं, तिथली फरशी तव्यासारखी तापते.

पण टाइमशेअरची जागा म्हणजे हॉटेलची खोली नव्हे, तो बिऱ्हाडाचा फ्लॅट असतो. फ्रीज, शेगडी, ओव्हन, भांडी, कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीन. त्यामुळे बाहेर खायची सक्ती नाही. विजेची सपाट काचेची शेगडी असते, तिच्यावर सपाट बुडाचाच कुकर चालतो. फोडणीआधी वरचा पंखा लावा. मी एकदा विसरले आणि मोहरी तडतडायच्या आत धुराचा भोंगा वाजला, अख्खा मजला दारात. भांड्यांच्या मशीनची साबणाची एक-दोन पाकिटंच देतात आणि रोज झाडायला कुणी येत नाही, तेव्हा साबण, कागदी रुमाल, तेल मुलाच्या घरूनच घेऊन जा. तांदूळ भारतातून आणू नका, विमानतळावर काढून घेतात. इथल्या भारतीय दुकानात तो मिळतो, ज्वारीचं पीठही मिळतं. तुम्ही मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणा. ह्या कोरड्या हवेत कडक भाकरी जशी कुरकुरीत राहते तशी सोलापुरातही राहत नसेल!

दोन गोष्टी मुलाला आत्ताच विचारायला सांगा. आठवडा दुसऱ्याचा आहे, म्हणून पाहुण्याच्या नावाचं पत्र मुलाच्या नावाने निघालंय का? नाहीतर दारात अडवतात. आणि दोन बेडरूम म्हणजे एकच घर, की मधल्या दाराने जोडलेले दोन फ्लॅट? दुसरा प्रकार असेल तर लहान भाग तुम्ही दोघांनी घ्या. स्वतःचं न्हाणीघर मिळेल आणि सकाळी सहाला चहा करताना कुणाची झोप मोडणार नाही.

दिवस आपल्या वैशाखातल्यासारखाच कापायचा. सूर्य साडेपाचच्या आधीच उगवतो, तेव्हा पहाटे बाहेर, दहाच्या आत घरात, दुपारी झोप, ऊन उतरल्यावर पुन्हा पाण्यात. पोहायला सुती कपडे चालत नाहीत. सुनेला सांगून नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घ्या, वयाचा संकोच करू नका, तिथे आज्ज्या पाण्यातच असतात. गरम पाण्याच्या हौदात मात्र धाकट्याला नको, आणि तुमच्या यांना रक्तदाबाची गोळी असेल तर त्यांनाही नको. लाइफगार्ड बहुतेक ठिकाणी नसतो. चार वर्षांचं पोर पाण्याजवळ असताना एका मोठ्याने फोन बाजूला ठेवून फक्त त्याच्याकडे बघायचं.

एका पहाटे डेझर्ट बोटॅनिकल गार्डन. सग्वारो निवडुंगाला पहिला हात फुटायलाच बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. यांच्या वयाचं झाड अजून हात फुटायची वाट बघत असेल, हे थोरल्या नातवाला दाखवा. चोया नावाच्या निवडुंगापासून मुलांना लांब ठेवा. तो उडी मारतो म्हणतात ते खोटं, पण नुसता लागला तरी त्याची गाठ तुटून अंगाला चिकटते. हाताने ओढू नका, कंगव्याने उडवा. माझ्या पर्समध्ये कंगवा त्यासाठीच असतो.

दुपारी कधी बाहेर पडावंसं वाटलं तर म्युझिकल इन्स्ट्रुमेंट म्युझियम. थंडगार इमारत, कानाला हेडफोन, ज्या वाद्यासमोर उभे राहाल ते वाजू लागतं. मुलांना हाताने वाजवायची वेगळी खोलीही आहे. यांना चाकाची खुर्ची घ्यायला लाजू देऊ नका.

ग्रँड कॅन्यन एका दिवसात उरकायचा मुलाचा बेत असेल तर तो मोडा. एका बाजूने चार तास लागतात. वाटेतल्या फ्लॅगस्टाफ गावी एक रात्र काढा. स्कॉट्सडेलची खोली एक रात्र रिकामी राहिली तर राहू दे. दक्षिण कडा २१०० मीटरच्या आसपास उंच, संध्याकाळी स्वेटर लागतो. यांनी काठावरच्या सपाट वाटेनं चालावं, खाली उतरू नये. वाटेत माँटेझुमा कॅसल आहे : कड्याच्या कपारीत शेकडो वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या सिनाग्वा लोकांनी बांधलेली घरं. मेक्सिकोच्या माँटेझुमा राजाचा त्या घरांशी काडीचा संबंध नाही, नाव चुकून पडलं ते पडलं. फरसबंद वाट छोटी आहे, सावलीही आहे. गुडघे कुरकुरणार नाहीत.

प्रश्न : आमचं भारतातल्या एका हॉलिडे क्लबचं सभासदत्व आहे. ते बदलून अमेरिकेत असा आठवडा मिळतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा क्लब आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल या आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्यांपैकी एकीशी जोडलेला असेल तर मिळतो. आपला आठवडा आधी त्यांच्याकडे जमा करायचा, मग मागणी नोंदवायची. तुमचा सिझन जितका मागणीचा, तितकं समोरून चांगलं मिळतं. बदलीची फी वेगळी, आणि काही रिसॉर्ट दारात आणखी रोजचं शुल्क घेतात, ते आधीच विचारा. वाळवंटातला फेब्रुवारी-मार्च हवा असेल तर वर्षभर आधी रांगेत उभे राहा. जून कधीही मिळेल. नाश्त्याचं आमंत्रण मात्र बदलीवर आलेल्यांनाही येतं.